आधी केस पेपर, मग बाकी सगळं

पत्र, थोडक्यात:

ताई, गेल्या वर्षी श्रावणात आमचे आबा गेले. वय सत्तावन्न. पित्ताशयात खडे होते म्हणून तालुक्याच्या गावातल्या खासगी दवाखान्यात दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. दुपारी बाहेर आणलं तेव्हा नीट बोलत होते. रात्री अकराच्या सुमारास पोट दुखायला लागलं, दरदरून घाम सुटला, सारखं पाणी मागत होते. सिस्टर म्हणाली, गॅस झालाय, ऑपरेशननंतर होतंच. मी तीनदा जाऊन सांगितलं. डॉक्टर सकाळी साडेसहाला आले, पोट बघितलं आणि म्हणाले, मिरजेला हलवा. मिरजेत पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं. पोस्टमॉर्टेम झालं नाही. कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही नको वाटलं. दवाखान्यानं फक्त रेफरची चिठ्ठी आणि बिल दिलंय. भाऊ म्हणतो, पोलीस केस करायची. काका म्हणतात, गेलेला माणूस परत येतो का? गावातले एक पुढारी 'दोन लाखांत मिटवा' म्हणून दोनदा घरी येऊन गेले. मी पुण्यात नोकरी करते, आई गावी एकटी आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती, ताई. मी तो कागद वाचलाही नव्हता.
— एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर:

तू ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकी सगळं पत्र त्या वाक्याच्या ओझ्याखाली लिहिलंय असं मला वाटलं. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांकडून जो कागद सही करून घेतात, त्यावर बहुतेक वेळा एक ओळ छापलेली असते: काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर व दवाखाना जबाबदार राहणार नाही. ती ओळ वाचून निम्मी माणसं गप्प बसतात. पैसे देऊन घेतलेल्या उपचाराची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, आणि त्या आयोगासमोर त्या ओळीला निष्काळजीपणाच्या बाबतीत काही किंमत नाही. संमती असते ती ऑपरेशनला आणि त्यात जे धोके आधी समजावून सांगितले त्यांना. रात्रभर पेशंटकडे बघू नका, अशी संमती कुणी देत नाही आणि कुणाला मागताही येत नाही. उलट, कागदात काय आहे हे समजावून न सांगता सही घेणं ही त्यांची चूक ठरू शकते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हेच सांगितलं की संमती खरी हवी, पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. तेव्हा ती सही तू मनावरून उतरव.

आता आबांबद्दल. मी डॉक्टर नाही, वकील आहे, पण अशा फायली बऱ्याच वाचल्यात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होणं, पित्त गळणं हे चांगल्या सर्जनच्या हातूनही होऊ शकतं. ते झालं म्हणून कुणी दोषी ठरत नाही. तुझ्या भावाला हे ऐकून राग येईल, तरी त्याला हे वाचून दाखव. आपल्या कायद्यात प्रश्न 'माणूस का गेला' एवढाच नसतो. त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकार डॉक्टरनं त्या परिस्थितीत जे केलं असतं ते इथे झालं का, हे बघतात. तुझ्या पत्रातली खरी जागा आहे रात्री अकरा ते सकाळी साडेसहा. घाम, तहान, वाढत जाणारी पोटदुखी. त्या साडेसात तासांत नाडी किती वेळा मोजली, रक्तदाब किती होता, लघवी किती झाली, सर्जनला फोन कधी गेला, हिमोग्लोबिन तपासलं का? रक्तस्राव झाला हा दोष नसेलही. त्याच्या खुणा दिसत असताना कुणी फिरकलं नाही, हा असू शकतो.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा एक निकाल आहे, अरुणकुमार मांगलिक प्रकरणाचा. भोपाळच्या एका रुग्णालयात डेंग्यूची पेशंट सकाळी दाखल झाली आणि त्याच दिवशी गेली. न्यायालयानं डेंग्यू का झाला याचा खल केला नाही. दिवसभरात तिच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला हवं होतं तसं ठेवलं गेलं का, ते तपासलं. ठेवलं नाही असं दिसलं आणि पंधरा लाखांची भरपाई व्याजासह द्यायला लावली. तुझा वकील हा निकाल काढेलच.

पण हे सगळं सिद्ध कशावरून होणार? कागदावरून. म्हणून पोलीस, आयोग, पुढारी हे सगळं बाजूला ठेव आणि या आठवड्यात एकच काम कर. दवाखान्याकडे केस पेपरसाठी लेखी अर्ज दे. अर्जावर आईची सही घे, तुम्हा दोघा भावंडांच्याही घे, तुम्ही तिघं वारस आहात. मजकूर साधा लिही: आमचे वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होते, त्यांचे संपूर्ण इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञांची नोंद, नर्सिंग नोट्स, नाडी-ताप-रक्तदाबाचा चार्ट, औषधांचा चार्ट, तपासण्यांचे रिपोर्ट आणि संमतीपत्र यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, झेरॉक्सचा खर्च आम्ही देऊ. कशासाठी हवेत ते लिहू नकोस, तुला ते सांगायची गरजच नाही. अर्ज दोन प्रतीत ने आणि एका प्रतीवर 'मिळाला' म्हणून सही, शिक्का, तारीख घे. काउंटरवरचा माणूस पोच देत नसेल तर भांडू नकोस, पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठव.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत असे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयानं रहेजा प्रकरणात सांगितलं होतं की पेशंटला किंवा जवळच्या नातेवाइकाला केस पेपरची प्रत नाकारता येत नाही. 'कागद आमच्या मालकीचे आहेत', 'डॉक्टर बाहेरगावी आहेत', 'कोर्टाची ऑर्डर आणा' असं काहीबाही ऐकायला मिळेल. मिळू दे. पोच तुझ्या हातात असली की नकारही तुझ्याच उपयोगाचा. मग डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, आणि ज्यांनी कागद दिलेच नाहीत त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही असावं, असा निष्कर्ष आयोग काढू शकतो.

घाई का, तेही सांगते. त्याच आचारसंहितेनुसार हे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात. तीन वर्षं तू थांबणार नाहीस, पण कागद जितका उशिरा मागशील तितका तो 'सापडत नाही'.

मिरजेच्या रुग्णालयातही असाच अर्ज दे. तिथले कागद कदाचित जास्त मोलाचे ठरतील. आबा पोचले तेव्हा रक्तदाब किती होता, हिमोग्लोबिन किती, पोटाची सोनोग्राफी केली असेल तर आत रक्त दिसलं का, हे तिथल्या डॉक्टरांनी घाईत का होईना, लिहून ठेवलं असणार. ते डॉक्टर या भानगडीत नव्हते. त्यांना कुणाला वाचवायचं नव्हतं, आबांशिवाय. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्रही तिथूनच माग. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला वेगळा, त्यावर कारण नसतं.

एक जुनी फाईल तुला सांगते. बाळंतपणानंतर गेलेल्या एका बाईची. दवाखान्यानं दिलेल्या चार्टवर रात्री बारा, दोन, चार आणि सहा अशा चार नोंदी होत्या. चारही वेळा नाडी ८४, रक्तदाब ११०/७०. चारही ओळी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, आकड्यांचा कल सुद्धा तोच. नवरा बिचारा म्हणाला, मॅडम, कागदावर तर सगळं बरोबर दिसतंय. मग त्याच्या आईनं पिशवीतून मेडिकलची बिलं काढली. रात्रभर चिठ्ठ्या मिळत होत्या आणि म्हातारी खाली जाऊन औषधं आणत होती. त्यातल्या एका बिलावर छापील वेळ होती ३.१०. आणि खाली, रक्तदाब फार उतरल्यावर लावतात ती सलाइन, दोन बाटल्या. चार्ट सांगतोय दोन वाजता सगळं ठीक, चारला सगळं ठीक, आणि मधेच तीन दहाला ही बाटली कशासाठी? दवाखान्याच्या वकिलाकडे याचं उत्तर नव्हतं. ती केस त्या बोटभर बिलावर उभी राहिली.

म्हणून घरात शोध. प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी, रुग्णवाहिकेची पावती. आणि तुझा फोन. त्या रात्री भावाला किती वाजता फोन केलास, 'आबांना बरं वाटत नाहीये' असा मेसेज केला होतास का, ते बघ. केला असशील तर तो तुझा साक्षीदार आहे. स्क्रीनशॉट काढून ठेव, पण फोनही विकू नकोस, बदलू नकोस, रिसेट करू नकोस. शेजारच्या खाटेवर कोण होतं ते आईला विचार. आपल्याकडे वॉर्डात रात्र काढलेली माणसं एकमेकांची गावं विसरत नाहीत.

पोस्टमॉर्टेम झालं नाही याची खंत पत्रात दिसते. ती केसला अडचण आहे, खोटं कशाला बोलू. समोरचा वकील पहिल्या दिवशी हेच म्हणेल की मृत्यूचं नेमकं कारणच सिद्ध झालेलं नाही. पण त्यानं केस संपत नाही. मिरजेचे रिपोर्ट असतील तर ती पोकळी बरीच भरते. आणि जे वाचक अजून त्या क्षणाला आलेले नाहीत त्यांच्यासाठी: मृत्यूबद्दल मनात शंका असेल तर अंत्यसंस्काराच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, अकस्मात मृत्यूची नोंद करायला लावा आणि शवविच्छेदन मागा. माणसाच्या देहाची चिरफाड नको, ही भावना मी समजू शकते. माझ्या घरातही ती आली होती. पण एकदा चितेला अग्नी दिला की तो पुरावा परत मिळत नाही. आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायला महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ पासून स्पष्ट मनाई आहे.

कागद आले की दुसरं काम. ते एखाद्या सर्जनकडून वाचून घे, तुमच्या तालुक्यातल्या नको, जिल्ह्यातल्याही नको. तिथे सगळे एकमेकांना रोज भेटतात, आणि तुझ्याशी बोलायला कुणी धजणार नाही यात त्यांचा फार दोष धरू नकोस. पुण्यात ओळख काढ. वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले शिक्षक मिळाले तर उत्तम, ते शिकवल्यासारखं समजावून सांगतात. त्यांना 'डॉक्टर चुकला ना?' असं विचारू नकोस. 'या पेशंटला रात्री काय होत होतं, आणि कधी हालचाल करायला हवी होती?' असं विचार. लेखी मत द्यायला तयार झाले तर सोन्याहून पिवळं. नाही झाले तरी खचू नकोस. प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, हे व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलंय. आणि प्राथमिक पुरावा तुम्ही दिलात की निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायचं काम रुग्णालयावर येतं, हे सविता गर्ग प्रकरणात २००४ साली.

आणि त्या सर्जननं कागद वाचून सांगितलं की रात्रभर योग्य तेच केलं होतं, तर? तेही ऐकायची तयारी ठेव. एक कुटुंब माझ्याकडे असंच आलं होतं. त्यांच्या वडिलांचे कागद वाचले तर डॉक्टरनं दर अर्ध्या तासानं नोंद केली होती, दोनदा मोठ्या रुग्णालयात फोन लावला होता, रक्त मागवलं होतं. फक्त त्यातलं एक अक्षर कुणी घरच्यांना सांगितलं नव्हतं. थोरला मुलगा तो चार्ट हातात धरून किती तरी वेळ बसला. केस झाली नाही. त्या डॉक्टरनं तेव्हा दहा मिनिटं घरच्यांसमोर बसून बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. निम्म्या तक्रारी त्या दहा मिनिटांअभावी माझ्या टेबलापर्यंत येतात.

आता तक्रार कुठे करायची. पैसे देऊन उपचार घेतलेत, म्हणजे ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ सालीच ठरलंय. (जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट असतं अशी सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली आहेत, तिथे दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय हा रस्ता.) २०१९ च्या नव्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे तुला पुण्यात करता येईल. तरी मी सांगलीच म्हणेन. आई तिथे आहे, साक्षीदार तिथे आहेत, कागदही तिथलेच. रुग्णालयाला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तू आणि आई दोघींनाही. त्यांचा फोन १५१००.

मुदत दोन वर्षांची. आपल्याकडे माणूस गेल्याचा दिवस तिथीनं लक्षात ठेवतात, वर्षश्राद्धही तिथीनंच होतं. कायदा तारखेनं मोजतो. आबांच्या दाखल्यावरची तारीख बघ, त्यापुढे बरोबर दोन वर्षं मोज आणि तो दिवस कॅलेंडरवर आईसमोर लिहून ठेव. उशीर झाला तर माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. तुझ्याकडे अजून काही महिने आहेत, ते कागद मिळवण्यात आणि वाचून घेण्यात घालव.

पोलीस केसचं भावाला असं सांग. निष्काळजीपणानं मृत्यू हा गुन्हा आहेच. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेचं कलम १०६, नोंदणीकृत डॉक्टर असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलंय की डॉक्टरवर गुन्हा चालवायला साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य असा हलगर्जीपणा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं. म्हणजे तुमचा अर्ज सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जाणार. तिथून 'हलगर्जीपणा आढळत नाही' असं पत्र आलं तर तेच पत्र आयोगात तुमच्यासमोर धरलं जाईल. म्हणून कागद न वाचता पोलिसांत जाऊ नका. वाचून झाल्यावर सर्जननंच 'हे भयंकर आहे' म्हटलं, तर जरूर जा. आणि भावाचे मित्र दवाखान्यावर चालून जायची भाषा करत असतील तर त्याला आजच थांबव. महाराष्ट्रात २०१० पासून त्याला वेगळा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मग आबांची केस बाजूला राहील आणि आई मुलाच्या जामिनासाठी फिरत बसेल.

वैद्यक परिषद भरपाई देत नाही. डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काही काळ किंवा कायमचं काढू शकते. हवी असेल तर ती तक्रार आयोगाच्या सोबतीनं करता येते.

त्या पुढाऱ्यांना चहा द्या आणि सही देऊ नका. दोन लाख कमी की जास्त हे मी आत्ता सांगणार नाही, तुलाही सांगता येणार नाही, कारण त्या रात्री काय झालं हेच अजून कुणाला माहीत नाही. ते जो कागद आणतील त्यावर 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं असेल, आणि तो पुढे आयोगात सगळ्यात आधी निघेल. तडजोड वाईट नसते. मी स्वतः किती तरी तडजोडी केल्यात. पण ती आयोगासमोर, मध्यस्थीच्या रीतसर मार्गानं करायची, कायद्यातच ती सोय आहे. वाटल्यास डॉक्टरांना निरोप पाठवा की पैशाचं नंतर बघू, आधी समोर बसून त्या रात्रीबद्दल बोला.

किती वेळ लागेल, हेही लपवत नाही. कायद्यात महिन्यांची मुदत लिहिलीय, प्रत्यक्षात वर्षं जातात. आपल्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशनात एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. तिच्या नवऱ्याच्या, अच्युतराव खोडव्यांच्या बाजूनं शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला तो १९९६ साली. तेहतीस वर्षं. आता इतकं लागत नाही, ग्राहक आयोग मुळात त्यासाठीच आले. तरी चार-पाच वर्षं मनात धर. हे ओझं उचलायचं की नाही, हे काकांनी ठरवायचं नाही, भावानं एकट्यानंही नाही. आईला विचार. तिला काय हवंय, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. तिला पैसे हवे असतील, शिक्षा हवी असेल, किंवा त्या रात्री आबा पाणी मागत होते तेव्हा आत काय चाललं होतं एवढंच तिला कळायला हवं असेल. केस झाली नाही तरी शेवटच्याचं उत्तर केस पेपरात मिळू शकतं.

तू तीनदा उठून गेलीस आणि सांगितलंस. कुठल्या नर्सिंग नोटमध्ये त्या तीनपैकी एक तरी वेळ लिहिलीय का, ते कागद हाती आले की सगळ्यात आधी बघ आणि मला कळव.